फॉरमॅट मारण्याआधी: ॲडवेअरला आपणच दिलेल्या परवानग्या कशा काढून घ्याव्यात

नमस्कार.

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. ऐरोलीला तुमच्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि क्रोम आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आढळले’ अशा पाट्या उगवतात, गूगलवर काही शोधायला गेले की भलतेच शोधपान उघडते, आणि कोणी हात लावला नसताना मधूनच जुगाराची संकेतस्थळे उघडतात. मराठी टंकलेखनाचे एक फुकट सॉफ्टवेअर उतरवले, त्यानंतर हे सुरू झाले. सासरे त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करतात. स्टेशनजवळच्या दुकानदाराने पाहताक्षणी ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगून १२०० रुपये मागितले आहेत, आणि ते द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते अजून देऊ नयेत. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. एका लहान कार्यालयाचे संगणक सांभाळणे हे माझे काम आहे, आणि आमच्या इमारतीतील शेजाऱ्यांचे लॅपटॉप ही रविवारी आपोआप गळ्यात पडणारी जबाबदारी आहे. आजवर जे पाहिले त्यावरून सांगतो, की ॲडवेअर, म्हणजे न मागता जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर, सहसा कुलूप फोडून शिरत नाही. आपण घाईत कुठेतरी ‘अलाउ’ किंवा ‘नेक्स्ट’ दाबलेले असते, आणि त्या एका होकारावर ते पुढचे सगळे करते. म्हणून साफसफाईत एखादी दुष्ट फाईल शोधून पुसण्यापेक्षा दिलेले होकार एकेक करून मागे घेण्याचे काम जास्त असते. तुमच्याकडची तिन्ही लक्षणे बहुधा तीन वेगवेगळ्या होकारांची आहेत, त्यामुळे एकच उपाय करून थांबलात तर दोन तशीच राहतील.

कोपऱ्यातल्या पाट्यांपासून सुरुवात करा, कारण त्या सर्वांत भीतिदायक दिसतात आणि सर्वांत लवकर जातात. गेल्या महिन्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अशाच पाटीने रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना मी ती पाटी बंद न करता नीट वाचायला सांगितले. लाल ढाल, मोठ्या अक्षरांतील धोक्याची सूचना आणि तिच्यालगत बारीक करड्या अक्षरांत ‘गूगल क्रोम’ व त्यापुढे कुठल्यातरी अगम्य संकेतस्थळाचे नाव होते. म्हणजे ती सूचना विंडोजची नव्हती, अँटिव्हायरसची नव्हती, आणि संगणकात काही सापडलेही नव्हते. एका संकेतस्थळाने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी घेतली होती, आणि ते आता धोक्याच्या सूचनेच्या वेषात जाहिराती पाठवत होते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. काकूंच्या यादीत सतरा नावे होती आणि त्यांतील एकही त्यांना ओळखता आले नाही. ती सगळी काढा, आणि त्याच पानावर संकेतस्थळांना अशी परवानगी मागताच येऊ नये असा पर्याय आहे, तो निवडा. नोटिफिकेशनवाचून अडणारे घरगुती काम मला तरी माहीत नाही. सासऱ्यांच्या अँड्रॉइड फोनमधील क्रोममध्येही हीच यादी असते. ती त्याच बैठकीत पाहून घ्या.

त्या पाटीवर दूरध्वनी क्रमांक असेल तर तो कधीही लावू नये, हे सासऱ्यांना स्वतंत्रपणे सांगा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन करण्यासाठी क्रमांक नसतो. तो लावल्यावर बोलणारा माणूस एनीडेस्कसारखे दुरून संगणक चालवण्याचे साधन बसवायला लावतो, आणि तिथून पुढे प्रकरण ॲडवेअरचे राहत नाही. (अशी माणसे दूर कुठेतरी बसलेली असतात असे समजू नका. अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने तिकडच्या लोकांना धमकावणारी कॉल सेंटरे ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पकडली, ती मीरा रोडला होती.)

शोधपान बदलण्याचा प्रकार थोडा चिवट असतो. तो बहुधा एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्राममुळे होतो, पण एक्स्टेन्शन काढण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमधील इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावा आणि ते टंकलेखनाचे सॉफ्टवेअर ज्या दिवशी बसवले त्या दिवसाच्या ओळी पाहा. एका इन्स्टॉलरबरोबर तीन-चार पाहुणे आलेले असतात: एखादा ‘पीसी ऑप्टिमायझर’, एखादा पीडीएफ बदलणारा, एखादा कधीही न ऐकलेला ब्राउझर. त्या दिवशीचे जे जे तुम्ही स्वतः मागितलेले नव्हते, ते काढून टाका. काढताना ‘खरेच काढायचे का, तुमचा संगणक असुरक्षित होईल’ अशी विनवणी होते आणि कधीकधी होय-नाहीची बटणे उलट रंगांत असतात, तेव्हा वाचूनच दाबा.

त्यानंतर क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर जा. इथे पूर्वीची ओळख पुरेशी नसते, हे लक्षात ठेवा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेले चांगले एक्स्टेन्शन होते. मूळ कर्त्याने ते २०२० मध्ये अज्ञात खरेदीदाराला विकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचे सांगून ते बंद केले. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीच केलेले नव्हते; बदललेले एक्स्टेन्शन अपडेट म्हणून आपोआप आले. त्यामुळे जे आज वापरात नाही ते चांगले असले तरी काढा.

एखाद्या एक्स्टेन्शनला काढण्याचे बटणच नसेल, आणि क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे दिसत असेल, तर थांबा. घरच्या लॅपटॉपला कसली आली ऑर्गनायझेशन? कार्यालयातील संगणकांवर एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची, म्हणजे सक्तीच्या नियमांची सोय आहे, आणि ॲडवेअर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) तशी नोंद करून स्वतःच तुमचे मालक बनते. काही अँटिव्हायरसही पॉलिसी वापरतात, म्हणून केवळ ही ओळ दिसली एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत क्रोम://पॉलिसी लिहून एंटर दाबलेत, की नेमकी कोणती सक्ती आहे ते दिसते. तिथे ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ या नावाची नोंद असेल तर चोर सापडला. रजिस्ट्रीत हाताने शिरण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. मालवेअरबाइट्सचे ॲडक्लीनर हे लहानसे मोफत साधन आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी मूळपदावर आणण्याचा पर्याय आहे, तो चालू करून मग स्कॅन करा. हे साधन मालवेअरबाइट्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, कारण शोधल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो आणि ॲडवेअर काढण्याच्या नावाखाली ॲडवेअर वाटणे हा जुना धंदा आहे. जुन्या लेखांत क्रोमच्या आतील ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ हे बटण दाबायला सांगितलेले आढळेल. ती सोय गूगलने २०२३ मध्ये काढून टाकली, तेव्हा ते बटण शोधत बसू नका.

या सगळ्याच्या आधी क्रोमचे सिंक (गूगल खात्यातून सगळ्या संगणकांवर तीच सेटिंग्ज व एक्स्टेन्शन आणण्याची सोय) बंद करायला मात्र विसरू नका. माझी स्वतःची फजिती इथेच झाली होती. भावाच्या लॅपटॉपवरून एक एक्स्टेन्शन मी तीनदा काढले आणि ते तिन्ही वेळा परत आले. चौथ्यांदा मी खरोखरच फॉरमॅट केले, अर्धा दिवस घालवला, आणि त्याने खात्यात साइन इन करताच ते पाचव्या मिनिटाला हजर झाले. ते लॅपटॉपमध्ये राहत नव्हतेच; त्याच्या गूगल खात्यात जमा होते आणि कार्यालयातील दुसऱ्या संगणकावरही चालू होते. त्या दुकानदाराचे १२०० रुपये वाया जाण्याची शक्यता मला दिसते, ती याचमुळे.

आपोआप उघडणाऱ्या पानांबाबत एक साधे निरीक्षण करा: ती केव्हा उघडतात हे दोन तास कागदावर टिपून ठेवा. दहा वाजून पंधरा, अकरा वाजून पंधरा, बारा वाजून पंधरा अशा घड्याळ लावल्यासारख्या वेळा निघाल्या, तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये कोणीतरी तसे काम लावून ठेवले आहे. टास्क शेड्युलर उघडून एकेका कामाचा ‘ॲक्शन्स’ हा भाग पाहा. ज्यात ब्राउझरचे नाव आणि त्यापुढे संकेतस्थळाचा पत्ता असेल ते काम बंद करा. चालू करताक्षणी पाने उघडत असतील तर टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी पाहा. केवळ क्रोम उघडल्यावरच तसे होत असेल तर क्रोमच्या शॉर्टकटवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा: ‘टार्गेट’च्या रकान्यात क्रोम.ईएक्सई आणि अवतरणचिन्ह संपल्यावर पुढे एखादा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा. विंडोजमधील प्रॉक्सीची (इंटरनेटची वाहतूक मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवण्याची) सेटिंग्जही एकदा पाहून घ्या. घरच्या जोडणीत तिथे सहसा काहीच भरलेले नसते.

हे झाल्यावर विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्याआधीच तपासणी होते; साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्याच ठिकाणी ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय चालू आहे ना, तेही पाहा. आणि ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी उघडायला चुकू नका. चोरीचे सॉफ्टवेअर बसवताना अनेकदा डिफेंडरकडून एखादे फोल्डर न तपासण्याचे आश्वासन घेतलेले असते. त्या यादीत काही सापडले, किंवा लॅपटॉपवर विंडोज अथवा ऑफिस फुकटात चालू करणारे एखादे क्रॅक कधी चालवले गेले असेल, तर मात्र माझे मत बदलते. क्रॅकबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, ते जाहिराती न दाखवता गुपचूप काम करतात, आणि अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील तर फॉरमॅटच योग्य. तोही दुकानात देण्याची गरज नाही. विंडोजमधील ‘रिसेट धिस पीसी’मध्ये क्लाउड डाउनलोड निवडून, सर्व काही काढून टाकण्याच्या पर्यायाने घरीच करता येतो. फोटो आणि कागदपत्रे तेवढी आधी बाहेर काढून ठेवा.

नुसत्या जाहिरातीच दिसत असतील तर बँकेची काळजी करावी का? थोडी करावी. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्होने आपल्या काही नव्या लॅपटॉपांत सुपरफिश नावाचे जाहिरात दाखवणारे सॉफ्टवेअर घालून विकले होते. सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला खात्री देणारी डिजिटल खूण) बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती किल्ली संशोधकांनी उघड केली. म्हणजे एकाच वायफायवर बसलेल्या तिसऱ्या कोणालाही बँकेच्या पानाचे सोंग आणता आले असते. उद्देश जाहिरातीचा होता, पण त्यासाठी उघडलेले दार चोरालाही चालले असते. म्हणून साफसफाई पूर्ण होईपर्यंत सासऱ्यांनी बँकेचे काम फोनवर करावे, आणि बँक व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेलेले दिसलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून मुळाशी जावे लागेल, आणि मूळ मराठी टंकलेखनात आहे. आपल्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये घाण शिरण्याचा हा हमरस्ता आहे असे मी अनुभवाने म्हणतो. गूगलने विंडोजवर बसवायची इनपुट टूल्स काही वर्षांपूर्वी बंद केली. मागणी मात्र राहिली, आणि ती जुनी फाईल आपल्याकडे असल्याचे सांगणारी परकी संकेतस्थळे फोफावली. त्या पानांवर हिरवी ‘डाउनलोड’ बटणे चार असतात आणि त्यांतील तीन जाहिराती असतात. वास्तविक काहीही उतरवण्याची गरज नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रिजन, तिथे मराठी भाषा जोडायची आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ निवडायचे. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते. रोमन अक्षरांत लिहिले की देवनागरी उमटते, त्यामुळे सासऱ्यांना नवे काही शिकावे लागणार नाही.

इतर सॉफ्टवेअर लागले तर कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावे, आणि इन्स्टॉलरमध्ये ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ निवडून सोबत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरपुढील बरोबरच्या खुणा काढाव्यात. नावाजलेले डाउनलोडचे ठिकाण हाही पुरेसा भरवसा नव्हे: सोर्सफोर्जसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या माहेरघरानेही २०१३ पासून इन्स्टॉलरमध्ये जाहिराती गुंडाळल्या होत्या, आणि २०१६ मध्ये मालक बदलल्यावरच ते थांबले. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची मी शिफारस करतो, कारण खोटी बटणे दिसलीच नाहीत तर दाबलीही जात नाहीत. त्यांतील यूब्लॉक ओरिजिनची क्रोमवर आता लाइट आवृत्तीच चालते. पूर्ण आवृत्ती हवी असेल तर फायरफॉक्स घ्यावा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, आणि डिफेंडर असताना दुसरा विकत घेण्याची गरज मला तरी वाटत नाही.

शेवटची गोष्ट घरातल्या राजकारणाची आहे. सासऱ्यांचे विंडोजमधील खाते ‘स्टँडर्ड’ करा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे वेगळे खाते करून त्याचा पासवर्ड सासूबाईंकडे द्या. अनेक इन्स्टॉलर मग पासवर्ड विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि बसवणाऱ्याला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ‘हे कशाला हवे आहे’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. माझ्या वडिलांनी दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला पासवर्ड विचारला, कारण सांगता आले नाही, आणि ते इन्स्टॉलर तसेच बंद केले.