जुन्या अल्टोचा पेट्रोल फिल्टर बदलण्यापूर्वी आणि बदलताना

आपण लिहिले आहे की आपली 2007 सालची पेट्रोल अल्टो गावात व्यवस्थित चालते, मात्र घाटात किंवा पुढची गाडी ओलांडताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही आणि मधूनच झटके देते. गॅरेजवाले थेट पंप बदलायला सांगत आहेत आणि आपला विचार आधी फिल्टर स्वतः बदलून पाहण्याचा आहे. माझ्या मते आपला क्रम बरोबर आहे. फिल्टर पंपाच्या मानाने अगदी स्वस्त असतो, आणि तो तुंबलेला असेल तर नवा पंपही त्याच अडथळ्याविरुद्ध जोर लावत राहील.

आपण सांगितलेली लक्षणे फिल्टरकडे का बोट दाखवतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. त्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल पुढे ढकलतो, ते फिल्टरमधून इंजेक्टरांच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांच्या) रेलपर्यंत, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीपर्यंत पोहोचते आणि दाब कायम राखणारा प्रेशर रेग्युलेटर उरलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीकडे सोडून देतो. फिल्टर अर्धवट तुंबला तर आधी कमी होते ते हे परतीचे पेट्रोल. रेलमधला दाब, जो साधारण अडीच ते तीन बार असतो, तो मात्र जागच्या जागी टिकून राहतो. म्हणून उभ्या गाडीत गेज लावून दाब योग्य दिसला, एवढ्यावरून फिल्टर निर्दोष ठरत नाही. चढावर मागणी वाढते, परतीला काही उरत नाही आणि मग दाब कोसळतो. गॅरेजमध्ये दाब तपासून घेणार असाल, तर इंजिनावर भार असताना गेज काय दाखवते ते विचारावे.

आता कामाविषयी. या गाडीत फिल्टर बहुधा खालच्या बाजूला टाकीलगत, धातूच्या डब्याच्या रूपात असतो. टाकीकडून निघालेली नळी पाहत गेल्यास तो सापडतो. अनेक नव्या गाड्यांत तो टाकीतच पंपाच्या जुळणीत बसवलेला असतो, त्यामुळे दुकानात गाडीचे मॉडेल, साल आणि शक्य असल्यास चॅसिस क्रमांक सांगूनच फिल्टर घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे नळीतला दाब उतरवणे, आणि नेमका हाच भाग घाईत वगळला जातो. इंजिन बंद करून बराच वेळ झाला तरी नळीत दाब शिल्लक असतो, आणि त्या अवस्थेत जोड सैल केला की पेट्रोलची पिचकारी थेट चेहऱ्यावर येते. इंजिन थंड असताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. टाकीचे झाकण उघडून आतली वाफ सोडावी व ते पुन्हा लावावे. नंतर मॅन्युअलमध्ये पाहून फ्युएल पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढावा, इंजिन सुरू करून पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यावे, आणि त्यानंतर दोन-तीन वेळा प्रत्येकी तीनेक सेकंद स्टार्टर फिरवावा. गरम इंजिनावर हे केल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या नळीतील धूर शुद्ध करणाऱ्या भागाला) इजा होऊ शकते, म्हणून थंड इंजिनाची अट पाळावी. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. म्हणून पिटमध्ये (गाडीखाली उतरून काम करण्याच्या खड्ड्यात) किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये. अंगणात, मोकळ्या हवेत करावे. गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी, प्रकाशासाठी एलईडी टॉर्च घ्यावा आणि पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. चष्मा घालावाच, कारण दाब उतरवल्यावरही नळीतले थोडे पेट्रोल अंगावर येतेच. जोडाभोवती जुने फडके गुंडाळून तो हळूहळू सैल करावा.

नट असलेल्या जोडावर दोन पाने वापरावेत, एकाने फिल्टरचा षट्कोन धरून दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर गंजलेली लोखंडी नळी पिळवटते आणि छोटे काम मोठे होते. जोडात वॉशर असतील तर ते नवेच घालावेत. रबरी नळी कडक झालेली किंवा भेगाळलेली दिसली तर ती बदलावी, पण इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी मागावी; कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी इथे चालत नाही. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागल्यापासून जुन्या रबराकडे अधिक लक्ष द्यावे लागते. नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे याची खात्री करावी.

जोडणी झाली की बॅटरी आणि रिले परत लावावेत, पण लगेच स्टार्टर मारू नये. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. असे तीन-चार वेळा करून नळ्या भराव्यात आणि प्रत्येक जोड कोरड्या बोटाने तपासावा. गळती नसेल तरच इंजिन सुरू करावे, आणि ते चालू असताना जोड पुन्हा एकदा पाहावेत. थोडासा ओलावा आहे, नंतर पाहू, असे इथे चालत नाही.

जुना फिल्टर फेकण्याआधी त्याच्या आवक बाजूने उरलेले पेट्रोल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावे. तांबूस गाळ निघाला तर टाकीत गंज आहे आणि नवा फिल्टरही लवकर भरेल. काळे कण निघाले तर टाकी ते फिल्टर या दरम्यानचे रबर झिजत असण्याची शक्यता आहे. पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर टाकी रिकामी करून घ्यावी; पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत, इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्यामुळे, हे घडते. आपली गाडी सीएनजीवर चालत असेल, तर टाकीच्या तळाशी पडून राहिलेले शिळे पेट्रोल हेही कारण असू शकते. शिवाय पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून सीएनजीच्या गाडीतही टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नये.

फिल्टर बदलूनही घाटात तीच तक्रार राहिली, तर पंप विकत घेण्याआधी इंजिनावर भार असताना पंपाच्या कनेक्टरवर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजून घ्यावे. गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगला पंपही कमी जोराने चालतो. तिथे व्होल्टेज बॅटरीइतकेच मिळत असेल आणि तरीही दाब कोसळत असेल, तर टाकी उघडून आधी पंपाच्या तोंडाची जाळी पाहावी. ती स्वच्छ असेल, तर पंप बदलण्याचा गॅरेजवाल्यांचा सल्ला मानावा.