एक्झॉस्ट बदलला की वॉरंटी गेलीच का?

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यू जर्सीत असतो. वर्षापूर्वी मस्टँग जीटी घेतली, मॅन्युअल, पाच लिटरवाली व्ही-एट, नऊ हजार माइल झालेत. तेव्हा पैसे वाचवायला कंपनीचा ॲक्टिव्ह एक्झॉस्ट (आवाज कमी-जास्त करता येणारा) घेतला नाही आणि आता आवाज मिळमिळीत वाटतो, म्हणून बाहेरून कॅट-बॅक, म्हणजे मागच्या भागाचा दुसरा एक्झॉस्ट, लावायचा विचार आहे. पण डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर सहज विचारलं तर तो म्हणाला की एक्झॉस्टला हात लावलात की सगळी वॉरंटी व्हॉइड. बायको म्हणते आवाजासाठी एवढ्या महागड्या गाडीच्या वॉरंटीवर पाणी सोडणार का? नक्की काय समजायचं?

उत्तर : काउंटरवरचा माणूस "व्हॉइड" म्हणाला ना, तो शब्द अमेरिकेत जरा जास्तच स्वस्त झालाय. तुमच्याकडे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. त्यानुसार आमचाच पार्ट वापरला तरच वॉरंटी, अशी अट कंपनीला घालता येत नाही, म्हणजे तो पार्ट फुकट देत असतील तर गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये हार्ली-डेव्हिडसनवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकारच्या अटींवरून कारवाई केली होती. तेव्हा दुसरा मफलर, म्हणजे सायलेन्सर, लावला म्हणून अख्खी वॉरंटी उडत नाही. नाकारायचाच असेल तर एखादा ठरावीक क्लेम नाकारतात, आणि तोही तुमच्या पार्टमुळे किंवा तो लावताना झालेल्या चुकीमुळे बिघाड झाला हे त्यांना दाखवता आलं तर.

माझ्या एका मित्राचंच घ्या, तोही तिकडेच असतो. त्याने छोट्या टू-सीटरला कॅट-बॅक लावून घेतला, ज्या दुकानात लावला तिथे मागचा क्लॅम्प नीट आवळला नाही, पाइप हळूहळू खाली उतरून तिरका झाला आणि त्याचं टोक, म्हणजे टीप, बंपरला टेकली, महिनाभरात प्लॅस्टिक मेणासारखं वितळून खाली ओघळलेलं. त्याच सुमारास एसीचा कॉम्प्रेसरही गेला. डीलरने बंपरला साफ नाही म्हटलं, आणि बरोबरच होतं ते, पण कॉम्प्रेसर त्याच दिवशी वॉरंटीत बदलून दिला, कारण सायलेन्सरचा आणि एसीचा काय संबंध! आमचा मित्र बंपरवरून भांडला, वाया गेलं भांडण, दुकानदाराकडून मात्र अर्धे पैसे काढले त्याने.

आता तुम्हाला नेमकं काय लावायचंय ते बघा, कारण सगळा खेळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) अलीकडे की पलीकडे यावर आहे. ॲक्सल-बॅक म्हणजे फक्त मागचे मफलर आणि टीप, कॅट-बॅक म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचं सगळं, पाइप, रेझोनेटर (नकोसा घुमणारा आवाज कमी करणारा डबा), मफलर. यात कन्व्हर्टर जागेवर, ऑक्सिजन सेन्सर जागेवर, इंजिनाच्या कॉम्प्युटरला फरक कळतही नाही. फोर्डची पूर्ण गाडीची वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६ हजार माइल आणि पॉवरट्रेनची ५ वर्षं किंवा ६० हजार माइल, त्यात कॅट-बॅकमुळे धोक्यात येण्यासारखं फारसं काही नाही. गेलं तर तो एक्झॉस्टच स्वतः, त्याची वॉरंटी आता त्याच्या कंपनीकडे.

पण लाँग ट्यूब हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणारे लांब पाइप, लावून कन्व्हर्टर काढून टाकलात तर माझं वरचं सगळं भाषण विसरा. एक तर क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे, स्वतःच्या गाडीवर स्वतः केलंत तरी. शिवाय कन्व्हर्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांना फेडरल एमिशन वॉरंटी ८ वर्षं किंवा ८० हजार माइलपर्यंत असते, ती तुम्ही आपल्या हाताने कचऱ्यात टाकणार. चेक इंजिनचा दिवा लागतो, कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा पी ०४२० कोड येतो, तो घालवायला लोक ट्यून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं बदललेलं प्रोग्रॅमिंग, टाकतात, आणि खरी गोम तिथे आहे! कंपनीचं स्कॅनर लावलं की कॅलिब्रेशन मूळचं नाही हे दिसतं, बऱ्याचदा परत मूळचं टाकलं तरी खुणा राहतात. मग पिस्टन फुटला किंवा रॉड गेला तर तुमच्या ट्यूनमुळे झालं म्हणायला त्यांना फार मेहनत पडत नाही. कॅट-बॅकला ट्यून लागत नाही, कोणी दहा हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणून विकायला आला तर नको म्हणा.

जुना एक्झॉस्ट फेकू नका, गॅरेजमध्ये जागा नाही म्हणून बायको ओरडेल तरी. बिल ठेवा, लावल्यावर खालून फोटो काढा. आणि डीलर तोंडी व्हॉइड म्हणाला तर शांतपणे सांगा की वॉरंटी बुकलेटातलं कलम दाखवा आणि क्लेम का नाकारला ते कारणासह लेखी द्या, लेखी म्हटलं की आवाज खाली येतो. तरी अडलं तर थेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन, वॉरंटी कंपनीची असते, काउंटरवाल्याची नाही.

एक आपलं माझं मत. रेझोनेटर ठेवा. तो काढला की टर्नपाइकवर, म्हणजे तिकडच्या टोलच्या हायवेवर, दोन हजार आरपीएमच्या आसपास जो घुंऽऽ आवाज डोक्यात बसतो तो अर्ध्या तासात नकोसा होतो, व्हिडिओत तो ऐकू येत नाही. आणि कंपनीच्या ॲक्टिव्ह एक्झॉस्टमध्ये पहाटे हळू स्टार्ट व्हायची वेळ लावता येते, शेजारी झोपलेले असतात ना! तुमच्या कॅट-बॅकला तशी सोय नसणार, सहाला ऑफिसला निघत असाल तर दुकानात कोल्ड स्टार्ट, म्हणजे थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज, ऐकूनच घ्या.

प्रश्न : हाच कायदा पुण्यात चालेल का? माझ्याकडे हॅचबॅक आहे, वॉरंटीत आहे, फ्री फ्लो (धुराला कमी अडवणारा, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट) लावायचाय.

उत्तर : नाही हो. आपल्याकडे वॉरंटी बुकलेटात जे छापलंय ते आधी बघायचं, वाद झालाच तर ग्राहक आयोग आहे. पण तुमची अडचण वॉरंटीच्या आधीची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोडरोलर फिरवतात ते फोटो बघितले असतीलच. शिवाय इन्शुरन्सवाल्याला न सांगता बदल केला तर क्लेमच्या वेळी तोही हेच काढणार. फ्री फ्लोचे पैसे चांगल्या टायरवर घाला, घाटात फरक कळेल.