आईची दोन शकलं

बडोद्याहून आलेलं पत्र थोडक्यात देते. लिहिणारी 30 वर्षांची, सासर दांडिया बाजारात, मुलगी पाच महिन्यांची. आई जाऊन तीन वर्षं झाली.

"आई फार मारायची. हातात लाटणं असलं तर लाटण्यानं. कधी कुशीत घेतल्याचं आठवत नाही. पण श्रावणी शुक्रवारी आमचं औक्षण कधी चुकलं नाही. मी शिकायला पुण्याला होते तेव्हा ती जिवतीसमोर उभी राहून चारी दिशांना अक्षता टाकायची, असं भाऊ सांगतो. ही तीच बाई का? आता मुलीला पाजायला घेतलं की आधी राग येतो, मग रडू आवरत नाही. सकाळी तिला घेऊन कमाटीबागेत वडाखाली बसते, तेवढंच बरं वाटतं. सासूबाई म्हणतात, रडून दूध आटेल. भाऊ म्हणतो, कार्तिकात सिद्धपूरला मातृगया, म्हणजे आईचं श्राद्ध, करून येऊ, मन मोकळं होईल. परवा मुलगी रडायची थांबेना, तेव्हा माझा हात उगारला गेला. मीही तशीच होणार का?"

लेकी, आधी त्या हाताबद्दल. तो उगारला गेला आणि थांबला, आणि तू ते लपवलं नाहीस. पुन्हा तशी वेळ आली तर बाळाला पाळण्यात उताणं ठेव, दार ओढून घे, गॅलरीत जा, पाणी पी. पाळण्यात पाच-दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात त्याला गदगदा हलवू नकोस, कधीच नाही. एवढ्याशा मानेला ते झेपत नाही, मेंदूला इजा होते. घरात जे कोणी असेल त्याला हाक मार. ‘आता तुम्ही घ्या’ म्हणायला लाजू नकोस.

दुसरं, याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. बाळंतपणानंतर पहिले पंधरा दिवस उगाच भरून येतं, ते बहुतेकींचं आपोआप ओसरतं. पाच महिन्यांनंतरही रोज रडू येत असेल तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते बरं होतं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416, रात्रीबेरात्रीही चालू. स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकावं असा विचार मनात आला, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठायचा. आणि सासूबाईंना सांग, डोळ्यांतल्या पाण्यानं दूध आटत नाही. बाळ ओढत राहिलं की ते येत राहतं. त्या काळजीनं बोलतात असं मला वाटतं. त्यांना सोबत घेऊनच डॉक्टरकडे गेलीस तर बरं.

वडाखाली बसणं सोडू नकोस. बडोद्याचं जुनं नाव वटोदर, वडाचं उदर. त्या उदरात तुला बरं वाटतं यात वेडेपणा काय आहे? मात्र डॉक्टरचं काम वडावर टाकू नकोस. बागेतून विश्वामित्री वाहते, तिच्यातल्या मगरी तुम्हा बडोदेकरांना काय सांगायच्या! मगरीण काठावर खड्डा करून अंडी घालते, राखण करते, आणि आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. हाड मोडणारा तोच जबडा, आणि पिल्लाला ओरखडा नाही. तुला आईचा हात मिळाला आहे, हे खरं. त्या हातानं काय करायचं, हे मात्र आईनं ठरवून ठेवलेलं नाही.

आता आई. ही तीच बाई का, असं विचारतेस. हो, तीच. लाटणंही तिचं आणि अक्षताही तिच्याच.

जिवतीच्या कागदावर जरा आणि जिवंतिका असतात, अंगाखांद्यावर मुलं खेळवणाऱ्या. त्यातली जरा कोण? मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. ती शकलं टाकून दिली. जरा राक्षसीनं ती उचलून एकाला एक लावली आणि जोडलेलं पोर मोठ्यानं रडलं. तोच पुढे जरासंध. आपल्या आयाबायांनी मुलांच्या रक्षणासाठी पूजा मांडली ती या राक्षसीची. लहानपणापासून मी तो कागद भिंतीवर पाहिला, पण तिथे ती का आहे हे मला फार उशिरा उमगलं.

तुझ्याकडे आईची दोन शकलं आहेत. मारणारी पुसून टाक असं लोक सांगतात, अक्षता टाकणारी पुसायला तुझा राग सांगतो. दोन्ही ठेव. जोडताना रडू येतंय तर येऊ दे. माफ केलंच पाहिजे असं नाही, आणि तिची आठवण काढण्यासाठी राग आधी संपायला हवा असंही नाही. कपिलमुनींनी सिद्धपूरच्या बिंदुसरोवरावर आई देवहूतीचं श्राद्ध केलं, म्हणून ते मातृगयेचं ठिकाण. जागा चांगली आहे, पण यंदा तान्ह्या बाळाला घेऊन भावाच्या आग्रहाखातर जाऊ नकोस. जायचं तेव्हा मनानं जा.

त्याऐवजी भावाकडे एक मागणं कर. तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस की आई चार वर्षांची असतानाच तिची आई गेली आणि त्या आजीचं नाव तुला माहीत नाही. भाऊ पितृपक्षात तर्पण करतो, त्यात आई, आजी, पणजी यांच्याबरोबर मातामही म्हणजे आईच्या आईचंही नाव घ्यायचं असतं. गुरुजींनी यादी करून घेतली असेल, त्यात ते सापडेल. चार वर्षांच्या त्या पोरीला कुशीत घ्यायला कोण होतं, हेही मावशी-मामांपैकी कुणाला माहीत असलं तर विचार. यानं लाटण्याचे वळ पुसले जाणार नाहीत.

श्रावणात पहिल्या शुक्रवारी मुलीला मांडीवर घेऊन औक्षण कर. तेव्हा ती नावं तिच्या कानात सांग, तुझ्या आईचंही. आणि आजीचं नाव काय निघालं, ते मला कळव.