सात किलोंत परदेश : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विमानाच्या पोटात एकही बॅग न टाकता केवळ हातातल्या सामानावर परदेशी जाता येईल का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या वेळी आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मे महिन्यात मुंबईहून फ्रँकफर्टला जायचे, पुढे युरोपातल्या एका स्वस्त विमानाने इटलीत उतरायचे आणि पंधरा दिवसांनी परतायचे, असा बेत आहे. भाचा म्हणतो की दोघांनी एकेक केबिन बॅगच घ्या. पंधरा दिवसांचे कपडे सात किलोंत कसे बसवायचे, हे मला कळत नाही. यजमानांना तर स्वतःची उशीसुद्धा बरोबर हवी असते. — एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्याने एक गोष्ट सांगायची राहिलेली दिसते. केबिन बॅगेचे माप सर्व कंपन्यांचे सारखे नसते. आपल्याकडच्या इंडिगोत ५५ × ३५ × २५, तर एअर इंडियाच्या साध्या वर्गात ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग चालते; वजन दोन्हींकडे ७ किलो. लुफ्तान्सा ८ किलोंपर्यंत वजन नेऊ देते, तर ब्रिटिश एअरवेजमध्ये, उचलून वरच्या कप्प्यात ठेवता येत असेल तर, २३ किलोंची बॅगही चालते. याउलट युरोपातल्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या सर्वांत स्वस्त तिकिटात ४० × ३० × २० सेंटिमीटरची, म्हणजे समोरच्या आसनाखाली मावणारी, एवढी एकच पिशवी मोफत नेता येते. म्हणून मुंबई ते फ्रँकफर्ट या टप्प्याचे माप पाहून बॅग घेऊ नका. आपल्या संपूर्ण प्रवासात ज्या विमानाचे माप सर्वांत लहान असेल, तेच आपले माप. युरोपातल्या त्या विमानाचे तिकीट काढतानाच वरच्या कप्प्यातल्या बॅगेचे पैसे भरून टाकावेत, कारण हीच बॅग विमानात चढण्याच्या दारावर अडवली गेली, तर द्यावी लागणारी रक्कम कधी कधी तिकिटापेक्षाही अधिक असते.

आता सात किलोंचा हिशेब. चाकांची टणक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते, म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच जवळजवळ निम्मे वजन खर्ची पडते. जिने चढण्याची आणि खांद्यावर ओझे घेण्याची तयारी असेल, तर एक-सव्वा किलोची कापडी सॅक घ्यावी. गुडघे किंवा पाठ कुरकुरत असेल, तर मात्र चाकांचीच घ्यावी आणि चार किलोंत भागवावे. ते भागते. पंधरा दिवसांना पंधरा जोड लागत नाहीत. अंगावरचा एक आणि बॅगेतले तीन जोड पुरतात, अट एवढीच की ते रात्री धुऊन सकाळी वाळणारे असावेत. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळला की त्यातले पाणी निघून जाते आणि खोलीतल्या खुर्चीवरही तो सकाळपर्यंत वाळतो. जीन्स या परीक्षेत नापास होते, कारण ती जड असते आणि दोन दिवस ओली राहते. जरीची एक साडी सहज पाऊण-एक किलो भरते. आपल्याला साडीच नेसायची असेल, तर शिफॉन किंवा जॉर्जेटच्या दोन साड्या त्याहून कमी वजनात बसतील. जाड बूट आणि जाकीट निघताना अंगावरच असू द्यावे, मुंबईच्या मे महिन्यात कितीही घाम आला तरी. यजमानांची उशीही अंगावर घालता येते: मऊ शाल किंवा लोकरी जाकीट घडी करून अभ्र्यात भरले की उशीच होते. हा उपाय त्यांना पटेल की नाही, याची हमी मी देत नाही.

द्रव पदार्थांचा नियम आपल्याला ऐकून माहीत असेलच. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर हा नियम बहुतेक जगभर लागू झाला. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची हवी आणि अशा सर्व बाटल्या मिळून एक लिटरच्या एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत. येथे बाटलीत किती उरले आहे हे कोणी पाहत नाही, तिच्यावर छापलेला आकडा पाहतात, त्यामुळे २०० मिलिलिटरच्या बाटलीच्या तळाशी राहिलेले तेलही टाकून द्यावे लागते. खोबरेल थंडीत गोठून दगडासारखे होत असले तरी तपासणीत ते द्रवच समजावे. टूथपेस्ट, क्रीम, जेल हेही द्रवातच मोडते. मात्र अंगाची साबणवडी, कपड्यांची वडी आणि आजीच्या काळातले दंतमंजन यांना हा नियम लागू नाही, आणि म्हणून माझ्या बॅगेत दंतमंजनाची डबी पुन्हा मानाने आली आहे. एडिंबरा व बर्मिंगहॅम येथे नवी तपासणी यंत्रे आल्यामुळे जुलै २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या चालू लागल्या. अशा बातम्या वाचून मोठ्या बाटल्या भरू नयेत, कारण तपासणी आपण जेथून निघतो आणि जेथे विमान बदलतो तेथे होते. येताना इटलीतल्या बाजारातून ऑलिव्ह तेलाची बाटली घेण्याचा मोहही याच कारणाने आवरावा. ते विमानतळावर तपासणीनंतरच्या दुकानातून घ्यावे आणि दुकानाने मोहोरबंद करून दिलेली पिशवी घरी पोहोचेपर्यंत फोडू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपल्याला वाटेल. काही वर्षांपूर्वी माझी बॅग माझ्याबरोबर न येता चौथ्या दिवशी मुक्कामी पोहोचली आणि तोवर मी पुढच्या गावी गेलो होतो. त्यानंतरचे तीन दिवस बॅग माझा पाठलाग करीत होती. विमानप्रवासाविषयीच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार अशा वेळी भरपाई मागता येते, पण भरपाईच्या रकमेने त्या दिवशीचा ओला सदरा बदलता येत नाही.

प्रश्न : माझी लेक दुबईला असते. दिवाळीत मी आठ दिवसांसाठी जाणार आहे. माझे कपडे फारसे नाहीत, म्हणून केबिन बॅगेतच फराळ, गोडा मसाला, सुके खोबरे, तूप आणि लोणचे न्यावे म्हणते. शेजारच्या काकूही त्यांच्या भाच्यासाठी एक डबा देणार आहेत. — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : काकूंपासून सुरुवात करतो, कारण धोका तेथेच अधिक आहे. दुसऱ्याने भरलेला, चिकटपट्टीने बंद केलेला डबा आपल्या बॅगेत घेऊ नये. त्यात जे काही निघेल त्याचे उत्तर काकूंना नव्हे, आपल्याला द्यावे लागेल. ‘डबा उघडून, पाहून मीच भरीन’ असे स्पष्ट सांगावे. राग आला तर दिवाळीनंतर जाईल. परदेशवारीत बॅगा जड होतात त्या क्वचितच आपल्या कपड्यांमुळे. बहुतेक वजन असे लोकांच्या प्रेमाचे असते.

फराळाला दोन चाळण्या लागतात: आपल्या विमानतळाची सुरक्षा आणि त्या देशाचा कायदा. सुक्या खोबऱ्यात तेल फार असल्याने ते ज्वलनशील धरले जाते आणि भारतातील विमानतळांवर केबिन बॅगेत वाटी नेऊ देत नाहीत. मिरचीपूडही अडवली जाते. तूप आणि लोणचे द्रवांच्या नियमात सापडते, म्हणजे १०० मिलिलिटरच्या बरणीपलीकडे नाही. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांना हरकत नसते. लाडवांचा डबा यंत्राच्या पडद्यावर गडद गोळ्यांसारखा दिसतो, म्हणून उघडून दाखवावा लागेल अशा बेताने तो वरच ठेवावा.

दुसरी चाळणी अधिक बारीक आहे. संयुक्त अरब अमिरातींत खसखस बेकायदा आहे, कारण ती अफूच्या झाडाचे बी आहे. सिंगापूर आणि सौदी अरेबियातही हाच कायदा आहे. आपल्या अनारशांवर खसखस असते, कित्येक घरांत करंजीच्या सारणात असते आणि गोड्या मसाल्यातही पडते. चिमूटभरच आहे, हा युक्तिवाद तेथे चालत नाही. लेकीसाठी अनारसे न्यायचेच असतील तर तीळ लावून करावेत. आमच्या घरी या सूचनेचे स्वागत झाले नाही, पण अनारसे संपले. मसाला खसखस व खोबरे न घालता भाजून न्यावा आणि खोबरे लेकीने तेथे विकत घेऊन वाटणात घालावे.

इतर देशांत लेकी असलेल्या वाचकांसाठी: युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ व मांस नेता येत नाही, त्यामुळे पेढे आणि खव्याच्या करंज्या घरीच खाऊन निघावे. ऑस्ट्रेलियात लाळ्या-खुरकुत रोगाच्या भीतीने दुधाची मिठाई अडवतात आणि सर्वच खाद्यपदार्थ आगमनपत्रात नोंदवावे लागतात. नोंदवलेला पदार्थ फार तर फेकला जातो, लपवलेल्यासाठी मोठा दंड होतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. तीन आठवड्यांसाठी लंडनला जाताना ते केबिन बॅगेत नेऊ देतील का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ते केबिन बॅगेतच न्यायला हवे. विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नसते, मात्र डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र आणि चिठ्ठी बरोबर असावी व तपासणीच्या वेळी आपणहून सांगावे. सुया, पेन आणि रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र एकाच पाकिटात ठेवावे. गोळ्या आठवड्याच्या रंगीत डबीत न भरता मूळ पट्टीतच न्याव्यात, कारण नाव नसलेली गोळी कोणत्याही अधिकाऱ्याला संशयास्पद वाटते. वाटेत आखातात विमान बदलणार असाल, तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही अफूच्या वर्गातली वेदनाशामके असलेली औषधे विनापरवाना बरोबर घेऊ नयेत. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते.

प्रश्न : माझ्याकडे २०,००० आणि ३०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका आहेत. दोन्ही नेता येतील का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : विमान कंपन्यांची मर्यादा वॅट-अवर या ऊर्जेच्या मापात असते; ते काढण्यासाठी एमएएचच्या आकड्याला ३.७ व्होल्टने गुणून १००० ने भागावे. पहिली ७४ वॅट-अवरची येते, ती चालते. दुसरी १११ वॅट-अवरची होते आणि १०० ते १६० वॅट-अवरच्या बॅटरीला विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते, म्हणून ती घरीच ठेवावी. पॉवर बँक चेक-इन, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या, बॅगेत टाकण्यास मनाई आहे. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरण्यावरही बंदी घातली आहे, तेव्हा फोन विमानतळावरच पूर्ण चार्ज करून घ्यावा. आपण दोन वर्षांच्या शिक्षणासाठी निघाला असाल, तर मात्र केबिन बॅगेचा हट्ट सोडावा. कुकर तिच्यात बसत नाही.

प्रश्न : सर्व नियम पाळूनही विमानात चढताना ‘वर जागा नाही’ असे सांगून बॅग काढून घेतली, तर काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : वाद घालू नये, विमान भरलेले असते तेव्हा हे होतेच. मात्र बॅग हातातून सोडण्याआधी तिच्यातून चार गोष्टी बाहेर काढाव्यात: औषधे, पॉवर बँक, कागदपत्रे आणि दागिने. त्यासाठी या चारही वस्तू पहिल्यापासूनच एका लहान कापडी पिशवीत भरून बॅगेच्या अगदी वर ठेवाव्यात, म्हणजे मागे रांग उभी असताना जमिनीवर बॅग उघडून बसावे लागत नाही. बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर ती मुक्कामाच्या गावी मिळणार की विमान बदलाल तेथे, हे तेथल्या तेथे वाचून घ्यावे आणि पावतीचा तुकडा पासपोर्टमध्ये ठेवावा.