कर्ज आणि उधारी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होते. निम्मं ऐकू आलं नाही, पण बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, नंबर लागला एवढं कळलं. घरी कोणी पेढे आणले नाहीत, हेही कळलं. तुझ्या मामाने विचारलं म्हणे, "समाजसेवा कराले कॉलेज कायले लागते?" २००६ मध्ये माझ्या बापानेही हेच विचारलं होतं. तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आता वाटते, प्रश्न रास्त होता.

आठवड्यातले दोन दिवस तुला फिल्डवर्क राहील. वर्गात बसून कंटाळलेली पोरं या दोन दिवसांवर खूश असतात, आणि रेकॉर्डिंग, म्हणजे भेटींची नोंद, वहीत लिहायची वेळ आली की एकमेकांच्या वह्या शोधत फिरतात. आमच्या बॅचमध्ये एक गृहभेट चौघींच्या वहीत फिरली होती, गावाचं नाव तेवढं बदललेलं. आता तेच काम मोबाइल करून देतो. तू तसं करू नको. बाकी सगळं तिथले सर-मॅडम सांगतीलच, मी या वहीबद्दलच लिहिते.

दुसऱ्या वर्षाला माझी फिल्डवर्कची प्लेसमेंट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात होती. जानेवारी २००८. एका घरच्या कास्तकाराने आत्महत्या केल्याला वर्ष होत आलं होतं. त्याची बायको ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती, सोल्यांच्या भाजीसाठी. शेजारून कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली आणि मी बसले. मी खुर्चीवर, ती खाली. हातात छापील फॉर्म. घरात माणसं किती, वावर किती, बँकेचं कर्ज आहे का? ती म्हणाली, नाही. मी लिहिलं, 'कर्ज नाही.' मग पुस्तकातला प्रश्न काढला, "ते गेल्यावर तुम्हाला कसं वाटते?" तिने वर पाहिलं, हातातली शेंग सोलून टोपल्यात टाकली आणि म्हणाली, "तुमाले काय वाटते बाई, कसं वाटत असन?"

अर्ध्या तासात मी तिथून निघाले. वहीत लिहिलं : 'लाभार्थीने अपेक्षित सहकार्य केले नाही.'

आय.सी.ला, म्हणजे वही घेऊन एकेकटीने मॅडमसमोर बसायचं त्या वेळी, मॅडमनी लाल पेनाने दोन गोल केले. एक 'लाभार्थी' या शब्दाला, बाजूला लिहिलं, 'लाभ कोणता दिला?' दुसरा 'कर्ज नाही'ला. "कर्ज नव्हतं, तर बिघडलं काय होतं? माणूस कशाने गेला?" मला काही सांगता आलं नाही. "परत जा," म्हणाल्या, "आणि फॉर्म नेऊ नको."

फॉर्म नसला की हातांचं काय करावं कळत नाही. म्हणून मी खाली बसून शेंगा सोलायला लागले. तासाभरात नखं काळी पडली. मग तीच आपणहून बोलायला लागली. तिचा नवरा बँकेची पायरी कधी चढलाच नव्हता. बियाणं, खत, फवारणीचं औषध कृषी केंद्रातून उधार. पोरीच्या लग्नाला पैसे गावातल्याच एकाकडून, दीडीने, म्हणजे घेतले त्याच्या दीडपट फेडायचे. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर कर्ज नाही म्हणाल्या होत्या. तर म्हणे, "कर्ज कुठचं? ते तं उधारी होय."

तिच्या लेखी कर्ज म्हणजे बँकेचं, सोसायटीचं, शिक्क्याचं. उधारी म्हणजे तोंडी, आणि ज्याची आहे त्याच्या दुकानावरून रोज जावं लागते अशी. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारची १ लाखाची मदत आहे, पण नियमात कर्ज धरलं जाते ते बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं. तिचं प्रकरण 'अपात्र' ठरून आधीच बंद झालं होतं. सरकारी कागदाने आणि माझ्या वहीने एकच गोष्ट लिहिली होती : कर्ज नाही.

म्हणून सांगते, माणसाचा शब्द जसाच्या तसा लिहीत जा. तुझा अर्थ खालच्या ओळीत, वेगळा. 'कुटुंब व्यसनाधीन आहे' असं लिहू नको. कोण, काय, केव्हा पितो ते लिही, आणि तुला कोणी सांगितलं तेही लिही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. एवढं दुखणं घेऊन बाया कापूस वेचत होत्या, पाणी भरत होत्या, आणि कागदावर कुठेच नव्हत्या.

थिअरीला नाक मुरडू नको मात्र. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द तुला परदेशी वाटतील, आणि बऱ्याच अंशी ते आहेतच. मुंबईत १९३६ मध्ये देशातलं पहिलं समाजकार्याचं विद्यालय निघालं, त्याचे पहिले संचालक अमेरिकन होते. गंमत बघ, त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळ शेगावला राहायला आले, ज्याला आपण आता सेवाग्राम म्हणतो. आणि अमरावतीकडे गाडगेबाबा त्याच्या कितीतरी आधीपासून दिवसा गाव झाडत होते अन् रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत होते. परीक्षेत मात्र अमेरिकेकडचंच जास्त येईल, ते मुकाट पाठ कर.

त्याच्याबरोबर सातबारा वाचायला शीक. तलाठी कोणत्या वारी सज्जावर बसतो, सेतूत कोणता कागद लागतो, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, हे माहीत करून घे. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला आज महिना १५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत दाखवावं लागते. म्हणजे महिन्याला १७५०. दोन वेळ चूल पेटणारं कोणतं घर यात बसते? दाखला तरी निघतो. कसा निघतो, ते तुला पहिल्याच वर्षी कळेल, आणि तेव्हा तू काय करशील हे मी आज सांगू शकत नाही. मला स्वतःला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्या मावशीला मी निराधारचा अर्ज भरून दिला आणि तोंडातून निघून गेलं, "महिनाभरात होऊन जाईल." नऊ महिने लागले. मधल्या काळात तिने तहसीलच्या पाच चकरा मारल्या, म्हणजे पाच रोज बुडवले, वर एसटीचं भाडं. सहाव्यांदा मी तिच्या घरी गेले तर तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून मी 'करून देते' म्हणत नाही. 'सोबत येते' म्हणते, आणि जाते.

नोकरीचं विचारलंस. खोटं सांगत नाही. बीएसडब्ल्यूवर आश्रमशाळेत अधीक्षकाची जागा निघते, संस्थांमध्ये प्रकल्पांची कामं मिळतात, बहुतेक कंत्राटी. समुपदेशक किंवा दवाखान्यातला समाजसेवा अधीक्षक व्हायचं तर बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू, म्हणजे याच्या पुढची पदवी, मागतात. पगार उशिरा होतात, कधी चार-चार महिने. घरी हे आधीच सांगून ठेव.

दिवाळीच्या सुट्टीत आलीस की वही घेऊन ये. टाइप केलेलं नको, हाताने लिहिलेलं आण. आणि कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर मामाकडेच जा. त्याला कर्ज किती आहे विचारू नको, उधारी किती आहे ते विचार. तो सांगणार नाही. टाळताना काय बोलला, ते जसंच्या तसं लिहून आण.

तुझी,
ताई