तिथं साक्ष देऊ नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला आठ वर्षांचा मुलगा, शाळेनं ‘दाखला घेऊन जा’ म्हणून सुनावलंय, तुम्ही घरीच शिकवायचं ठरवलंय आणि पुढच्या आठवड्यात दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी. शेवटी लिहिलंय, ‘प्रभूच्या दयेनं तो आता बरंच काही करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगणार.’ ते वाचून पोटात गोळा आला, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

घरी काय नि कसं शिकवायचं ते तुम्हाला जमेल, त्यावर लिहीत नाही.

आमचा थोरला तेव्हा नऊ वर्षांचा. बुद्ध्यांक चाचणी झाली, मग व्हीएसएमएसचे, म्हणजे मूल रोजच्या व्यवहारात स्वतःचं किती करतं ते मोजणाऱ्या चाचणीचे प्रश्न. हे मुलाला नाही, आईला विचारतात. बटणं लावतो? एकटा दुकानात जातो? मी रविवारच्या उपासनेत प्रभूनं केलेलं भलं सांगायला, साक्ष द्यायला उभी राहिल्यासारखी, ‘हो, जातो की! गूळ घेऊन येतो.’ दुकान दारासमोर, पैसे दुकानदाराला आधीच दिलेले, मी गॅलरीतून बघत उभी, हे सांगायचं राहिलंच. बटणांचंही तसंच, खालची दोन मीच लावायची. या चाचणीचा गुणांक 70 च्या वर गेला आणि कागदावर दिव्यांगत्व आलं 25 टक्के. 55 ते 69 मध्ये असता तर 50 आले असते. बहुतेक सवलती 40 पासून पुढं.

फेरतपासणीसाठी ज्या कार्यालयात गेले त्याचं नाव घेत नाही. ‘दिव्यांग कार्ड निघालंय ना? मग आता काय?’ बुधवारी या, बुधवारी गेलं की साहेब मीटिंगला, मग पत्र आणा, पत्रावर शिक्का आणा. चौदा महिने! तोवर निरामय हा सरकारी आरोग्य विमाही अडकला. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा बसते.

खोटं बोला असं म्हणत नाही, आपल्याला ते शोभतही नाही. आठवडाभर वहीत लिहा: स्वतःहून काय केलं, सांगितल्यावर काय केलं, तुम्ही काय करून दिलं. वही तिथं न्या.

आणि शाळेतून दाखला लगेच काढू नका, हे माझं ठाम मत. 2016 च्या कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून तर टक्के महत्त्वाचे. मी वकील नाही, डॉक्टर नाही, नियमही बदलतात, तेव्हा एकदा विचारून घ्या. पुढं एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आहेच: तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या, आणि 14 पूर्ण झाल्यावर दहावी. पाच विषयांत भाषा एकच घेतली तरी चालते, गृहविज्ञान, चित्रकला घेता येतं. आमच्यानं दहावी सतराव्या वर्षी दिली, काही बिघडलं नाही.

मंडळीतल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, कुणाचं पाप भोवलं म्हणून. बायबलात योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीही येशूला हेच विचारलंय, ‘यानंही नाही, आईबापांनीही नाही’ हे उत्तर तिथंच आहे, त्यांनी पुढं वाचलं नसावं. असो. पाळकसाहेबांना सांगून मुलाला गीतांची पुस्तकं वाटायचं काम मिळवून द्या. आमचा त्यातच मोजायला शिकला.

तपासणीच्या दिवशी टी-शर्ट नको, बटणांचा शर्ट घालून न्या.