लीला राव: विम्बल्डनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी टेनिसपटू लीला राव यांचं नाव ओझरतं आलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. घेतो एकेक.

प्रश्न: विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई सानिया ना?

नाही हो, लीला राव. सानियाने तिथे सिंगल्सची पहिली मॅच जिंकली २००५ला, लीलाबाईंनी त्याच्या ७१ वर्षं आधी, १९३४ला.

प्रश्न: मराठी होत्या का?

आईकडून हो. आई क्षमाबाई राव पुण्याच्या, संस्कृत कवयित्री, गांधीजींच्या लढ्यावर संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली त्या ह्याच, आणि स्वतः टेनिस पण खेळायच्या! क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित. १८६९मध्ये तुकारामांची गाथा छापायला घेतली त्या कामावर देखरेख त्यांचीच. म्हणजे एका पिढीत गाथा, दुसऱ्या पिढीत संस्कृत काव्य आणि तिसऱ्या पिढीत विम्बल्डन, मला तर हे वाचून अक्षरशः भरून आलं होतं.

प्रश्न: बक्षीस किती मिळालं?

रोख काहीच नाही. १९६८च्या आधी विम्बल्डन हौशी खेळाडूंसाठीच होतं, पैसे घेऊन खेळलात की बाद. मुंबईहून बोटीने जायचं तर सुएझमार्गे दोनेक आठवडे जायचे. वडील डॉक्टर, घर खातंपितं, नाहीतर हे जमणं कठीणच होतं. रॅकेट लाकडी, तार आतड्याची, दमट हवेत लाकूड वाकायचं म्हणून खेळून झालं की रॅकेट लाकडी चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची. आमच्या माळ्यावर अशी एक चौकट होती, पावसाळ्यात स्क्रू गंजून इतके घट्ट बसायचे की पक्कड लागायची.

प्रश्न: एकच राऊंड तर जिंकल्या, मग एवढं कौतुक कशाला?

हा प्रश्न टोचला मला, खरं सांगतो. जरा स्कोअर बघा: ४-६, १०-८, ६-२. समोर ब्रिटनची ग्लॅडिस साउथवेल, म्हणजे कोर्ट तिच्या घरचं. पहिला सेट गेला, दुसरा गेला असता तर विषयच संपला होता, आणि टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाली की सेट एकाच गेममध्ये निकाली काढायची पद्धत, तेव्हा नव्हताच, विम्बल्डनला तो आला १९७१मध्ये, त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. सहा-सहा झालं, सात-सात झालं, आठ-आठ झालं, १८ गेम खेळून तो सेट काढला आणि मग तिसरा सरळ ६-२! तिसऱ्या सेटला समोरचीच दमलेली दिसते की नाही? पुढच्या राऊंडला फ्रान्सच्या इडा अडामॉफकडून हरल्या, १९३५ला तर पहिल्याच राऊंडला बाहेर, हेही सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. इकडे ऑल इंडिया चॅम्पियनशिप मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा जिंकली.